मुकादमांचा थर्मामीटर

धाकटीला या साथीतून काय मिळणार होतं ते आधी सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढं तिच्याबद्दल कुणाचा उगाच चांगला ग्रह व्हायचा नाही.

पहिली गोष्ट, कायमची नेमणूक. आरोग्य खात्यात ती चार वर्षं हंगामी होती आणि दर सहा महिन्यांनी मुदतवाढीचं पत्र हातात पडेपर्यंत तिचा जीव टांगणीला लागायचा. दुसरी, कचेरीतली वरच्या मजल्यावरची खोली, जिचं दार आतून लावता येतं. तिसरी, खात्याच्या त्या जीपमधून सुटका, जिच्या मागच्या सीटची एक स्प्रिंग वर आली होती आणि त्या स्प्रिंगवर कोण बसणार हे नेहमी हुद्द्यावरून ठरायचं. चौथी गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती. जेवणाच्या टेबलावर थोरल्या जावेसमोर ‘आमच्या खात्यात’ असं मोकळ्या गळ्यानं म्हणता येणं, ही ती गोष्ट. हंगामी माणसाची जीभ ‘आमच्या’ म्हणताना जरा अडखळते.

आणि या सगळ्यासाठी करायचं काय, तर तेवीस माणसांचा एक तक्ता दहा दिवस भरायचा. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. तापाचेच चारशे साठ रकाने. एकही कोरा नको, एकही चुकीचा नको. साहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं, ‘‘बाई, हा तक्ता निर्मळ आला की तुमची फाइल मी स्वतः वर नेतो. जिना चढून नेतो.’’ साहेबांचे गुडघे पाहता हे मोठंच आश्वासन होतं.

घर दोघी जावांचं एकच. थोरलं कुटुंब खाली, धाकटं वर, आणि जेवण खालच्या मोठ्या टेबलावर. थोरली गुराढोरांची डॉक्टर. जनावरांच्या खात्यात बावीस वर्षं, कायम, आणि ते ‘कायम’ तिच्या जिना उतरण्यातसुद्धा दिसायचं. धाकटीचं काम माणसांचं. आजारी जनावरापासून कुठल्या माणसाला काय लागलं आणि त्या माणसानं ते पुढं कुणाला दिलं, याचा माग काढायचा. दोन्ही खात्यांच्या कचेऱ्या एकाच रस्त्यावर समोरासमोर. थोरली खिडकीशी आली की धाकटीला तिच्या चष्म्याची दोरी दिसायची. टपाल मात्र मुख्य कार्यालयाला वळसा घालून यायचं. एका मोठ्या गोठ्यातल्या गाईंच्या दुधात बर्ड फ्लू सापडल्याचं थोरलीच्या सहीचं पत्र धाकटीच्या टेबलावर पोचायला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत दोघी चार वेळा समोरासमोर बसून जेवल्या होत्या.

याला कारण घरातला नियम. फार वर्षांपूर्वी थोरलीनं सुपाच्या वाडग्याकडे चमचा रोखून सुजलेल्या कासेतलं दूध किती दाट होतं ते समजावून सांगितलं होतं, आणि त्याच आठवड्यात धाकटीनं खोकल्याच्या बेडक्यांचे रंग सांगितले होते. दोघा भावांनी त्या दिवशी जेवण अर्धवट टाकलं आणि आयुष्यात पहिल्यांदा एकमतानं ठराव केला: टेबलावर कास नाही आणि कफ नाही. दोघी जावांनी तो पाळला, कारण बाकी कुठल्याच बाबतीत दोघा भावांचं काही चालत नव्हतं. कुठंतरी चालू द्यायला हवं.

तर आजार असा आला. आधी तळ्यावरची रानबदकं मेली. मग आसपासच्या कोंबड्या. मग त्या गोठ्यातल्या गाईंचं दूध आटलं, पिवळं आणि घट्ट झालं, आणि सांडलेलं दूध चाटणाऱ्या तीन मांजरी एका पाठोपाठ गेल्या. पाखरांचा रोग गाईत उतरला की धोका दूध काढणाऱ्यांना. यंत्राची नळी सुटते, दुधाची चिळकांडी थेट डोळ्यात जाते, आणि हात चिकट म्हणून माणूस कोपराच्या आतल्या बाजूनं डोळा पुसतो. दोन-तीन दिवसांनी डोळे लाल, मग ताप. वेळेत कळलं तर औषध आहे. उशिरा कळलं तर छातीत उतरायची भीती, आणि तोवर तो माणूस कुठं कुठं जाऊन आला ते शोधत बसावं लागतं.

मंगळवारी, तक्त्याच्या पहिल्या दिवशी, धाकटी पांढरा झगा, मास्क आणि वाफ धरणारा चष्मा घालून गोठ्यावर गेली. अडीचशे गाई, तेवीस माणसं आणि त्या सगळ्यांवर एक मुकादम. साठी उलटलेले, चाळीस वर्षं गोठ्यात. गाईला कानातल्या बिल्ल्याच्या नंबरानं ओळखायचे आणि माणसांनाही जमेल तितकं तसंच. धाकटीनं तेवीस थर्मामीटर काढून टेबलावर ठेवले, तोवर मुकादमांनी चिकटपट्टीचे तुकडे कापून एकेकाला नंबर लावायलाही घेतला.

‘‘हे लावायचे कुठं?’’ त्यांनी विचारलं.

‘‘जिभेखाली.’’

‘‘बरं झालं विचारलं,’’ मुकादम म्हणाले, आणि मागं उभी असलेली सगळी माणसं एकदम निर्धास्त झाली.

बुधवारी सकाळी धाकटीनं एकेकाला फोन लावायला सुरुवात केली आणि नऊ जणांनी उचललाच नाही. दूध काढताना हात ओले, फोन कपाटात. संध्याकाळी अकरा जणांनी उचलला नाही. साहेब खुर्चीच्या पाठीमागून तक्त्यात डोकावले. ‘‘रिकामा रकाना म्हणजे निसटलेला माणूस, बाई,’’ असं म्हणून शेजारच्या टेबलाकडे गेले. तिथं ‘शंभर टक्के’ बसायचा. त्याचं हे नाव कचेरीनंच ठेवलेलं. तो एका कोंबड्यांच्या शेडवरची माणसं बघत होता, त्याच कायमच्या जागेवर डोळा ठेवून, आणि त्याचा एकही रकाना कधी कोरा नसायचा. त्याची माणसं फोन कशी काय उचलतात हे कुणी विचारत नसे.

धाकटीनं संध्याकाळीच मुकादमांना गाठलं. ‘‘मुकादम, तुम्हीच एक काम करा. कामाला लागायच्या आधी सगळ्यांचा ताप तुम्ही बघा आणि मला सकाळ-संध्याकाळ एकच फोन करा. राहिलेल्यांचंही आजचं सांगून टाका.’’

‘‘त्यात काय! गाईंचा बघतोच की रोज. त्यातच तेवीस.’’

हा तोडगा खरोखर शहाणपणाचा होता, हे तिच्या बाजूनं नोंदवून ठेवायला हवं. मुकादम घड्याळाच्या काट्यावर फोन करायचे. बोलणं ठरलेलं असायचं.

‘‘ताप?’’

‘‘कुणालाच नाही.’’

‘‘खोकला?’’

‘‘नाही.’’

‘‘डोळे?’’

‘‘सगळ्यांना दोन-दोन.’’

‘‘मुकादम! लाल आहेत का, ते विचारतेय.’’

‘‘बाई, पहाटे तीनला उठा, जंतुनाशकानं गोठा धुवा आणि मग आरशात बघा. तुमचेही होतील.’’

धाकटी हसायची आणि डोळ्यांच्या रकान्यात ‘नाही’ लिहायची. तेवीस वेळा.

शुक्रवारी संध्याकाळी मुकादम जरा रेंगाळले. ‘‘बाई, एक विचारायचं होतं. ही बाकीची माणसं मला जरा—’’

‘‘ताप आहे का कुणाला?’’

‘‘ताप नाही. पण—’’

‘‘मग झालं तर. रकाना तापाचाच आहे.’’

‘‘बरं,’’ मुकादम म्हणाले. खात्याचं काम ते, खात्याला ठाऊक.

रविवारी सकाळचा फोन झाला तेव्हा तक्त्यात तापाचे दोनशे त्रेपन्न रकाने भरले होते आणि सगळे कसे एकाच रंगाचे. धाकटी तो घरी घेऊन आली होती. काम नव्हतं काही, उगाच बघायला.

दुपारी सगळे जेवायला बसले. उकडलेले बटाटे, पाव, भाज्यांचं सूप. सूप दाट झालं होतं आणि त्याविषयी कुणीही अवाक्षर काढलं नाही. थोरली सकाळी गोठ्यावर जाऊन आली होती आणि खुशीत होती. गाई सावरत होत्या. खुशीत आली की थोरलीला धाकटीला चिमटा काढल्याशिवाय घास उतरत नसे.

‘‘काय ग, तुझी माणसं काय म्हणतात?’’

‘‘उत्तम. एकालाही काही नाही. तुमच्या गाई?’’

‘‘माझ्या गाई फोनवर बोलत नाहीत, म्हणून मला तिथं जावं लागतं.’’

‘‘कास यायला लागली हं टेबलावर,’’ थोरल्यानं पावाला लोणी लावता लावता इशारा दिला.

‘‘कास कुठं आली, मी मुकादमांचं कौतुक करतेय,’’ थोरली म्हणाली. ‘‘असा माणूस शोधून सापडायचा नाही. वही बघावी त्यांची. एकशे एक पॉइंट पाच, एकशे एक पॉइंट आठ, ओळीनं, एक खाडाखोड नाही. पंधरा वर्षांपूर्वी मी एकदा, फक्त एकदा सांगितलं होतं. एकशे अडीचच्या वर गेलं तर ताप. शंभरच्या खाली आलं तर गार पडलं, पांघरूण घाला, गरम पाजा, कामाला लावू नका. त्या दिवसापासून या माणसाची चूक नाही.’’

धाकटीचा चमचा सुपातच राहिला.

‘‘ताई, शंभरच्या खाली आलं तर काय?’’

‘‘पांघरूण. का ग?’’

‘‘माझ्या माणसांचा ताप तेच बघतात.’’

थोरली आधी हसली. मग हसता हसता तिचा चेहरा सावकाश उतरला, जिना उतरल्यासारखा, एकेक पायरी. ‘‘छे ग. माणसाचा आकडा ठाऊक असेल की त्यांना.’’

‘‘तुम्ही सांगितला होता?’’

‘‘मी कशाला सांगू? मी जनावरांच्या खात्यात आहे. तू नाही सांगितलास?’’

‘‘मी थर्मामीटर दिले. आकडा कोण सांगतं? आकडा सगळ्यांना माहीत असतो.’’

‘‘आता कफही येणार वाटतं,’’ धाकटा पुटपुटला, पण ऐकायला कुणी उरलं नव्हतं. दोघी जावा उठल्या होत्या. जनावरांच्या खात्याच्या गाडीत माणसांच्या खात्याची बाई पहिल्यांदाच बसली, आणि पुढच्या सीटवर बसली.

वाटेत थोरली एकदाच बोलली. ‘‘सहा दिवस आपण एकाच टेबलावर जेवतोय.’’

‘‘जेवतोय,’’ धाकटी म्हणाली.

गोठ्यावर कपडे चढवून दोघी विश्रांतीच्या खोलीत शिरल्या. बाहेर ऊन होतं. आत बाकावर आठ धट्टीकट्टी माणसं ओळीनं बसली होती, प्रत्येकाच्या अंगावर वासरांचं घोंगडं, मांडीवर गरम पाण्याची पिशवी, हातात वाफाळता मग. आठही जण घामानं निथळत होते. त्यांना काही होत नव्हतं, पण मुकादम बसा म्हणतात, भरपगारी बसायला मिळतंय, तर नाही कोण म्हणेल?

मुकादम लगबगीनं पुढं आले. ‘‘बरं झालं आलात बाई. शुक्रवारी मी हेच सांगत होतो. सगळी माणसं गार पडलीत हो! सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव, याच्या वर कुणी जातच नाही. पहिल्याच दिवशी म्हटलं, हाच तो रोग. मग पाळ्या लावल्या. जास्त गार असेल त्याला आधी घोंगडं.’’

धाकटीला बसायला खुर्ची हवी होती, पण तिच्यावर घोंगडी होती. ‘‘मुकादम, मला का नाही सांगितलंत?’’

‘‘सांगत होतो. तुम्ही म्हणालात रकाना तापाचाच आहे. म्हटलं गारठ्याचं खातं वेगळं असेल.’’

‘‘माणसाचं अंग अठ्ठ्याण्णव पॉइंट सहाच असतं.’’

मुकादमांनी थोरलीकडे पाहिलं. डॉक्टरीणबाई म्हणतील ते खरं. थोरलीनं मान हलवली.

‘‘एवढं गार?’’ मुकादम म्हणाले. ‘‘मग गाईपेक्षा माणूस थंडच म्हणायचा की. मी माझाही बघितला, अठ्ठ्याण्णव. म्हटलं वय झालं.’’

‘‘वही दाखवा,’’ धाकटी म्हणाली.

वही खरोखर बघण्यासारखी होती. डाव्या पानावर गाई, उजव्या पानावर माणसं, दोन्हीकडं तीच टपोरी अक्षरं. धाकटीनं उजवं पान वरून खाली वाचलं. एकाचा शनिवारी संध्याकाळी एकशे एक. वासरांना पाजणाऱ्या बाईचा दोनदा शंभर पॉइंट आठ. आणि सतरा नंबरच्या पुढं, शुक्रवार सकाळपासून: शंभर पॉइंट नऊ, एकशे एक पॉइंट सहा, एकशे एक पॉइंट आठ, एकशे एक पॉइंट चार, एकशे एक पॉइंट दोन. शेजारी मुकादमांच्या हातचा शेरा: ‘सुधारला.’

‘‘हा सतरा कोण?’’

‘‘शिट्टी. दूध काढताना शिट्टी वाजवतो म्हणून. त्याचीच तर मला काळजी नाही. शुक्रवारीच ऊब आली त्याला, घोंगडं काढून घेतलं आणि लावला कामाला. बाकीचे बसलेत तर दोन रांगा त्याच्याकडंच आहेत.’’ मुकादम जरा थांबले. ‘‘शिट्टी मात्र वाजवत नाही दोन दिवस. गाई पान्हा चोरायला लागल्यात.’’

शिट्टी दूध काढायच्या खोलीत होता, एका गाईच्या पोटाला कपाळ टेकून. लांबून पाहिलं तर कामात गढलेला वाटला असता. जवळ जाऊन धाकटीनं हाक मारली तेव्हा त्यानं मान वळवली. त्याचे डोळे जंतुनाशकानं होतात तेवढेच लाल नव्हते. पापण्या कडेनं चिकटल्या होत्या.

‘‘कधीपासून बरं नाही तुला?’’

‘‘शुक्रवारपासून अंग मोडून आलंय. पण मुकादम म्हणाले सुधारलास. म्हटलं सुधारल्यावर असंच होत असेल.’’

धाकटीनं घशातला, नाकातला आणि डोळ्यातला नमुना घेतला, त्याला मास्क दिला आणि बाहेर मोकळ्या हवेत बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसवलं. मग वही उघडून तिचं रोजचं काम सुरू केलं. शुक्रवारपासून कुठं गेलास, कुणाकडं गेलास, किती वेळ.

‘‘कुठंच नाही. शुक्रवारी संध्याकाळी तेवढा बहिणीकडं. तिला बाळ झालंय, सोळा दिवसांचं. मुकादमांना विचारून गेलो हं. ताप नाही म्हणाले, जा म्हणाले. कालपासून कामावरून सुटलं की कुठं नाही, घरी पडूनच.’’

‘‘बाळाला हातात घेतलंस?’’

शिट्टीनं लाल डोळ्यांनी तिच्याकडं असं पाहिलं की जणू तिनं काहीतरी वेडगळ विचारलं. ‘‘मामा आहे मी,’’ तो म्हणाला. ‘‘दीड तास खाली ठेवलं नाही.’’

सोमवारी सकाळी धाकटीनं तक्ता आणि मुकादमांची वही साहेबांसमोर ठेवली. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. घोंगड्यांपाशी त्यांना हसू आवरेना, म्हणून त्यांनी थोडं खोकून घेतलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

‘‘हे बघा बाई. तुम्ही त्याला तपासलं कधी?’’

‘‘रविवारी.’’

‘‘ताप आहे असं खात्याला कळलं कधी?’’

‘‘रविवारी.’’

‘‘मग आजार सुरू झाल्याची तारीख रविवार. यात खोटं काय आहे? सहाव्या दिवशी तुम्ही स्वतः जाऊन रुग्ण पकडलात. तक्ता आहे तसा निर्मळ. उलट पाठ थोपटावी असं काम. फाइल आज वर नेतो मी.’’

‘‘आणि शुक्रवार लिहिला तर?’’

‘‘शुक्रवार लिहिला तर आठ रकाने चुकीचे. तुमच्या हातचे. डोळ्यांच्या रकान्यांचं मी विचारतच नाही.’’ साहेबांनी शेजारच्या टेबलाकडे नजर टाकली. तिथं शंभर टक्के खाली मान घालून एक रकाना भरत होता, फोन न लावता. ‘‘वर काय विचारतील, ते तुम्हाला सांगायला नको.’’

यादी तारखेवरून निघते. आजार सुरू व्हायच्या आदल्या दिवसापासून तो माणूस ज्याला ज्याला भेटला, त्यांची नावं यादीत. रविवार लिहिला तर मोजणी शनिवारपासून, आणि शनिवारी शिट्टी कामावरून सुटल्यावर घरी पडून होता, गोठ्यावरची माणसं तर आधीच तक्त्यात. यादी कोरी. शुक्रवारची बहीण, तिचा नवरा आणि सोळा दिवसांचं बाळ यादीच्या बाहेर. आणि औषधांच्या खिडकीवरचा माणूस यादीत नाव नसलेल्याला गोळी काय, गोळीचं वेष्टणही दाखवत नाही.

धाकटी लगेच उदार झाली असं कुणी समजू नये. तिनं आपल्या टेबलाशी जाऊन कच्च्या कागदावर दोनदा पेन्सिलीनं ‘रविवार’ लिहून पाहिलं. बरं दिसत होतं. बाळ कदाचित ठणठणीत राहील, बहुतेक राहीलच, असाही हिशेब तिनं केला. वरच्या खोलीचं दार मनातल्या मनात आतून लावूनही पाहिलं. पण दार लावलं तरी तो मामा काही बाहेर जाईना. दीड तास खाली ठेवलं नाही म्हणाला होता.

समोरच्या कचेरीच्या खिडकीत थोरलीचा चष्मा दिसला. इकडंच बघत होती. धाकटीनं तिच्याकडं पाठ केली, कारण हे ठरवताना कुणी बघायला नको होतं, आणि पेनानं तक्त्यात लिहिलं: शुक्रवार, सकाळ. मग लाल पेनानं आठ रकाने खोडले, प्रत्येकाशेजारी खरा आकडा घातला आणि खाली सही केली. खोडताना लाल शाई जरा जास्तच पसरली. आठ रकाने सोळा दिसायला लागले.

‘‘बाई, विचार करा,’’ साहेब म्हणाले.

‘‘केला, साहेब. दोनदा केला.’’

दुपारपर्यंत औषध बहिणीच्या घरी पोचलं. तिच्यासाठी, नवऱ्यासाठी, आणि बाळाला रोज येऊन बघायला मुलांचा डॉक्टर. बहिणीनं आधी दारातूनच घालवायला बघितलं. म्हणाली, ‘‘आमच्याकडं गाय नाही.’’ तिला समजावता समजावता धाकटीचा घसा बसला.

बुधवारी नमुन्याचा निकाल आला. शिट्टीला गाईंचाच बर्ड फ्लू. औषध चालू होतंच; ताप उतरला, डोळे निवळले, छातीपर्यंत काही गेलं नाही. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस दोन रांगा काढल्या असत्या तर सांगता आलं नसतं. बाकी दोघांना काही नव्हतं. वासरांच्या बाईची दाढ सुजली होती, आणि तो एकशे एकवाला, त्यानं मुकादमांचा गरम मग संपवून लगेच थर्मामीटर जिभेखाली धरला होता. बहीण, नवरा, बाळ, तिघंही दहा दिवस बघितले. काही झालं नाही. त्यांना होणारच नव्हतं की औषधानं टळलं, ते कुणालाच सांगता येणार नाही. या कामात असंच असतं. जे टळलं त्याचा रकाना नसतो.

आता याची किंमत म्हणून कुणी काय भरलं ते बघू. हा जमाखर्च महिना उलटल्यावर एका रविवारी, जेवणं झाल्यावर, भांडी घासताना थोरलीनं मांडला, आणि भांडी पुसता पुसता धाकटीनं तो दुरुस्त केला.

‘‘शिट्टीनं अकरा दिवस भरले,’’ थोरली म्हणाली. ‘‘एका खोलीत, एकटा.’’

‘‘गाईंनीही भरले. तो नव्हता तेवढे दिवस धड दूध दिलं नाही.’’

‘‘ते दूध तसंही खड्ड्यातच ओतत होते. ते धरू नको. बहिणीनं झोप भरली.’’

‘‘सोळा दिवसांचं बाळ घरात. झोप होती कुठं तिच्याकडं? तेही धरू नका.’’

मुकादमांनी भरली ती चाळीस वर्षांची ऐट. आता कुणाचाही आकडा सांगायच्या आधी ते ‘माणूस’ किंवा ‘गाय’ असं मोठ्यानं म्हणतात, आणि गोठ्यातली माणसं त्यांना मुद्दाम हंबरून दाखवतात. घोंगड्यातल्या आठ जणांना परत कामाला लागावं लागलं, आणि त्यांच्या मते सगळ्यात जास्त तेच बुडाले.

‘‘आणि तुम्ही ताई?’’

थोरलीनं चार शनिवार भरले. आसपासच्या सगळ्या गोठ्यांवर जाऊन मुकादमांना माणसाचा आकडा शिकवायचं काम निघालं, आणि ते कुणी करायचं यावर दोन्ही खात्यांत पत्रापत्री सुरू झाली. ती संपायची वाट न बघता ती आपल्याच गाडीनं जाऊन आली. टेबलावरचा नियम भावांनी भरला. तो आता उरला नाही. परवा कफ आणि कास एकाच वेळी आले आणि धाकटा वाडगा उचलून गच्चीवर जाऊन जेवला.

धाकटीनं भरली ती कायमची जागा. नेमणुकीचं पत्र शंभर टक्क्यांच्या नावानं निघालं, त्यांचा एकही रकाना चुकीचा नसल्याबद्दल. ते वरच्या खोलीत गेले. धाकटीला मुदतवाढ मिळाली, सहा महिने, आणि जीप. थोरली भांडं घासायची थांबून म्हणाली, ‘‘मी वर जाऊन बोलू का ग कुणाशी?’’ धाकटी म्हणाली, ‘‘नको. तुमचं पत्र पोचायला तीन दिवस लागतात.’’ आणि दोघी हसल्या, धाकटी जरा उशिरा.

राहिले साहेब. महिनाअखेरीला त्यांच्या नावानं परिपत्रक निघालं: यापुढं ताप ‘आहे-नाही’ असा न लिहिता आकड्यात लिहावा, तो कुणी मोजला तेही लिहावं, आणि जनावरांच्या खात्याला त्याच दिवशी कळवावं. वरून कौतुकाचं पत्र आलं. परिपत्रकाचा मसुदा धाकटीचा होता, आतले आकडे थोरलीचे. साहेबांनी त्यावर सही केली. पेन धाकटीचं होतं.